हौसेचे खाते वेगळे असावे

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. जिनिव्हा, न्यूयॉर्क किंवा हाँगकाँग येथे भरणाऱ्या मनगटी घड्याळांच्या लिलावात मात्र याच हौसेचे मोल भर सभेत, बोलीवर बोली चढवीत ठरविले जाते आणि हातोड्याच्या एका ठोक्याने त्यावर शिक्कामोर्तब होते. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावगृहाने हॉलिवूडचे अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना घड्याळ विक्रीस काढले. पहिली बोलीच एक कोटी डॉलरची आली. अखेरीस लिलावगृहाच्या अधिमूल्यासह किंमत झाली १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे ११५ कोटी रुपये. साठच्या दशकात असे घड्याळ दुकानात काही शे डॉलरना मिळत असे.

अशा बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या की त्यांच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येते : ‘घड्याळ हा खर्च नव्हे, ती गुंतवणूक आहे.’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य आपल्या देशातही चांगलेच रुजले आहे. चांगल्या पगारावर असलेले तरुण ग्राहक मुदत ठेव मोडून, क्वचित वैयक्तिक कर्ज काढून महागडे घड्याळ घेण्याचा विचार बोलून दाखवितात आणि त्यामागे हाच युक्तिवाद असतो. म्हणून या विषयावर आपल्या गृहपत्रिकेतून चार शब्द मांडावेसे वाटले.

माझे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. दुर्मीळ घड्याळांचा संग्रह हा उच्च अभिरुचीचा, अभ्यासाचा आणि आनंदाचा छंद आहे. त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि त्याला गुंतवणूक म्हणावयाचे असेल, तर त्याने गुंतवणुकीच्या कसोट्यांना उतरले पाहिजे. कर्जाचा प्रस्ताव तपासताना बँकेत तारण मालमत्तेविषयी साधारणतः चार प्रश्न विचारले जातात. तिचे मूल्य कशावर आधारलेले आहे? ती बाळगल्याने उत्पन्न किती मिळते? तिचा मालकी हक्क निर्वेध आहे काय? आणि वेळ आली तर ती विकून रोख रक्कम हाती येईल काय? हेच चार प्रश्न आपण मनगटावरील घड्याळाला विचारून पाहू.

मूल्य : दुर्मीळपणा जन्माला कसा येतो?

कोणतीही वस्तू महाग का होते, याचे सोपे उत्तर ‘ती दुर्मीळ आहे म्हणून’ असे दिले जाते. पण ती दुर्मीळ का झाली, हे सहसा कोणी विचारीत नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेईको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. चावी देण्याची कटकट नाही आणि अचूकता कितीतरी अधिक. पुढे अशी घड्याळे स्वस्तही झाली आणि स्वित्झर्लंडच्या पिढीजात घड्याळ उद्योगाचे कंबरडे मोडले. १९७० च्या सुमारास या उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करीत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरले. चावीचे घड्याळ ही कालबाह्य वस्तू ठरली.

गंमत अशी, की नेमकी कालबाह्य ठरल्यामुळेच ती संग्रहाची वस्तू बनली. वेळ पाहण्याचे काम दुसऱ्याने पत्करल्यावर जुन्या यंत्रणेकडे कारागिरी म्हणून पाहण्याची सवड माणसाला मिळाली. एप्रिल १९८९ मध्ये पाटेक फिलिप या कंपनीच्या स्थापनेला दीडशे वर्षे होत असताना जिनिव्हात केवळ याच कंपनीच्या घड्याळांचा मोठा लिलाव झाला आणि जुन्या घड्याळांच्या स्वतंत्र जागतिक बाजारपेठेची पायाभरणी झाली, असे मानले जाते.

या बाजारपेठेत सर्वाधिक मान कोणाला आहे, ते पाहण्यासारखे आहे. पाटेक फिलिपने १९४१ साली ‘१५१८’ या क्रमांकाचे मॉडेल काढले. लीप वर्षाचा हिशेब ठेवून तारीख दाखविणारे पंचांग आणि सेकंद मोजणारे क्रोनोग्राफ, या दोन्ही सोयी एकत्र असलेले व मालिका स्वरूपात तयार झालेले हे जगातील पहिले मनगटी घड्याळ. एकूण सुमारे २८१ घड्याळे तयार झाली व त्यांतील बहुसंख्य सोन्याची होती. साध्या पोलादाची केवळ चार आज ज्ञात आहेत. लिलावात सोन्याच्या घड्याळाहून पोलादाच्या घड्याळाला कितीतरी पट अधिक किंमत येते! न्यूमन यांच्या घड्याळाची कथाही याच जातीची. त्या मॉडेलची ती वेगळ्या धाटणीची तबकडी मूळ काळात फारशी कोणाला रुचली नव्हती. ती घड्याळे दुकानांत पडून राहत. म्हणून ती कमी बनली आणि म्हणून आज ती दुर्मीळ आहेत.

यातून गुंतवणूकदाराने घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. खरा दुर्मीळपणा ठरवून निर्माण झालेला नव्हता. तो गिऱ्हाईक न मिळाल्याने, युद्धकाळाच्या परिस्थितीमुळे किंवा निव्वळ योगायोगाने निर्माण झाला. आज दुकानात ‘मर्यादित आवृत्ती’ असा शिक्का मारून विकले जाणारे घड्याळ या अर्थाने दुर्मीळ नसते. त्याची प्रत्येक प्रत पहिल्या दिवसापासून खोक्यासह, कागदपत्रांसह, काचेआड जपून ठेवलेली असते. जी वस्तू सगळेच जपून ठेवतात ती पन्नास वर्षांनी दुर्मीळ होईलच, हे कशावरून?

शिवाय लिलावातील प्रत्येक आकडा हे ‘बाजारमूल्य’ असतेच असे नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथे पाटेक फिलिपचे ‘ग्रँडमास्टर चाइम’ हे एकमेव पोलादी घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना विकले गेले. पण तो स्नायूंच्या एका दुर्धर आजारावरील संशोधनासाठी निधी उभारणारा ‘ओन्ली वॉच’ हा धर्मादाय लिलाव होता. त्या किमतीत घड्याळ किती आणि दानधर्म किती, हे वेगळे काढणार कसे? तसेच न्यूमन यांच्या घड्याळाच्या मागील बाजूस त्यांच्या पत्नी, अभिनेत्री जोअ‍ॅन वुडवर्ड यांनी मोटारशर्यतीची आवड असलेल्या पतीला ‘जपून गाडी चालव’ असे बजावणारे शब्द कोरून घेतले होते. विकली गेली ती ही कथा; यंत्रणा तशीच असलेली इतर घड्याळे त्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत.

उत्पन्न : आकडे काय सांगतात?

ठेवीवर व्याज मिळते, समभागावर लाभांश मिळतो, घराचे भाडे येते. घड्याळ काहीही देत नाही, उलट मागते. दर काही वर्षांनी यंत्रणा उघडून साफ करावी लागते, तेल द्यावे लागते, विमा उतरवावा लागतो. म्हणजे परतावा मिळाला तर तो केवळ विक्रीच्या किमतीतून. तो किती मिळतो, याचे एक उत्तम उदाहरण अलीकडेच समोर आले आहे.

वर उल्लेखिलेल्या पोलादी ‘१५१८’ पैकी एक घड्याळ नोव्हेंबर २०१६ मध्ये फिलिप्सने जिनिव्हात विकले. किंमत आली १ कोटी १० लाख २ हजार फ्रँक. मनगटी घड्याळासाठी तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. तेच घड्याळ नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच लिलावगृहात पुन्हा आले आणि १ कोटी ४१ लाख ९० हजार फ्रँकना गेले. बातम्यांचे मथळे साहजिकच किमतीच्या भव्यतेचे होते. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने करावा तसा साधा हिशेब करून पाहावा. नऊ वर्षांत वाढ झाली सुमारे २९ टक्के. चक्रवाढीने दर वर्षाला तीन टक्क्यांहून किंचित कमीच. जगातील सर्वाधिक नावाजलेल्या घड्याळांपैकी एकाची ही गत!

तीही पूर्णपणे विकणाऱ्याच्या पदरी पडत नाही. लिलावगृहे हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराकडून अधिमूल्य घेतात. मोठ्या लिलावगृहांत हे अधिमूल्य किमतीच्या पहिल्या टप्प्यावर पंचवीस टक्के वा त्याहूनही अधिक असते व पुढील टप्प्यांवर ते उतरत जाते. न्यूमन यांच्या घड्याळावर हातोडा पडला तो १ कोटी ५५ लाख डॉलरवर. उरलेले साडेबावीस लाख डॉलर हे अधिमूल्य होते. वृत्तपत्रांत छापून येणारा आकडा अधिमूल्यासह असतो. विकणाऱ्याला मिळते ती हातोड्याची किंमत, आणि तीतूनही बहुधा विक्रेत्याचे कमिशन वजा होते. साधा हिशेब असा : हातोड्यावर १०० रुपयांना घेतलेली वस्तू घरी येते १२५ रुपयांना. ती विकून आपले १२५ परत मिळावयाचे, तर पुढच्या वेळी हातोडा १२५ वर पडला पाहिजे, म्हणजे पुढच्या माणसाने १५० हून अधिक मोजले पाहिजेत. पहिल्याच दिवशी इतके मागे असलेली गुंतवणूक कोणता सल्लागार सुचवील?

येथे दोन शंका निघू शकतात. पहिली अशी, की त्या नऊ वर्षांपैकी बराच काळ स्वित्झर्लंडमध्ये व्याजदर शून्याच्याही खाली होते. तेथील माणसाला तीन टक्के हा परतावा वाईट नव्हता. हे मान्य केलेच पाहिजे. पण ती त्या देशाची परिस्थिती झाली. आपल्या मुदत ठेवींच्या दरांशी त्याची तुलना करून पाहावी. दुसरी शंका अशी, की रुपयांत मोजल्यास वाढ कितीतरी मोठी दिसते. तेही खरे आहे. मात्र ती वाढ घड्याळाची नसून फ्रँकची आहे. कोणी नुसते फ्रँक बाळगले असते तरी ती मिळाली असती.

आणि हे सारे शिखरावरील घड्याळांविषयी. दुकानातून नवीन घेतलेली बहुसंख्य महागडी घड्याळे दुकानाबाहेर पडताच आपली काही किंमत गमावतात. २०२० नंतरच्या तेजीत काही मोजक्या मॉडेलचे भाव छापील किमतीच्या कितीतरी वर गेले. पण २०२२ च्या पूर्वार्धात शिखर गाठून ते झपाट्याने उतरले. शिखरावर कर्ज काढून खरेदी करणाऱ्यांचे हप्ते मात्र उतरले नाहीत.

मालकी हक्क : घड्याळाचा सात-बारा

जुन्या घड्याळाच्या व्यवहारात विकला जातो तो प्रामुख्याने अस्सलपणा. तबकडी मूळची आहे काय, काटे त्याच काळातील आहेत काय, केसला नको तितके पॉलिश झाले आहे काय, यंत्रणेवरील क्रमांक जुळतो काय, यांवर किंमत शंभरपट वर वा खाली जाऊ शकते. पाटेक फिलिपसारखी कंपनी शुल्क आकारून आपल्या जुन्या नोंदवह्यांतील उतारा देते. अमुक क्रमांकाचे घड्याळ अमुक साली तयार झाले व अमुक साली विकले गेले, एवढे त्यात असते.

बँकेत शेतजमिनीची प्रकरणे हाताळणाऱ्या सहकाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा वाटेल. सात-बाराचा उतारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. तो मालकी हक्काचा अंतिम पुरावा नव्हे, म्हणूनच आपण वकिलाकडून हक्कशोध अहवाल मागवितो. घड्याळाच्या उताऱ्याचेही तसेच. असे घड्याळ एकेकाळी तयार झाले होते, एवढे तो सांगतो; समोर ठेवलेल्या घड्याळाचा प्रत्येक भाग तोच आहे, याची हमी तो देत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ चे म्हणून सादर झालेले ओमेगा कंपनीचे एक ‘स्पीडमास्टर’ घड्याळ ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकना विकले गेले. लिलावपूर्व अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक. खरेदीदार होते स्वतः ओमेगाचे संग्रहालय. २०२३ साली उघड झाले, की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून तयार केलेले होते. कंपनीच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा या प्रकरणात हात असल्याचे कंपनीने जाहीर केले. ज्याने घड्याळ घडविले त्याच्याच घरी ही फसगत होऊ शकते, तर घरबसल्या सूचीपत्र पाहून बोली लावणाऱ्या सामान्य ग्राहकाची काय कथा?

आपल्या देशातील जुन्या घड्याळांच्या बाजारात तर तबकड्या नव्याने रंगवून, चार घड्याळांचे भाग एकत्र करून विकण्याची पद्धत सर्रास आहे. अशा चकचकीत घड्याळांना परदेशी संग्राहकांनी ‘मुंबई स्पेशल’ असे नाव ठेवले आहे. ते आपल्या घड्याळजींच्या कौशल्याचे कौतुक मुळीच नव्हे.

कायद्याच्या बाजूनेही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचा नावानिशी उल्लेख आहे. चोरट्या आयातीच्या सबळ संशयावरून असा माल जप्त झाल्यास, तो चोरटा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नसून ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर, तसेच मालकीचा दावा करणाऱ्यावर असते. थोडक्यात, पावतीविना घेतलेले महागडे परदेशी घड्याळ हा डोकेदुखीचा ऐवज आहे. परदेशी लिलावातून खरेदी करावयाची तर विदेशी चलन पाठविण्याचे नियम, आयात शुल्क व कर, तसेच वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवरील निर्बंध, या सर्वांची चौकशी बोली लावण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे. देशांतर्गत खरेदीतही २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करणे बंधनकारक झाले आहे. तो आपल्या आयकरात वळता करून घेता येतो. मात्र व्यवहाराची नोंद राहते. ज्याने आपले उत्पन्न चोख दाखविले आहे, त्याला यात भय नाही.

रोखता : दुसरा वेडा मिळेल काय?

येथे कोणीही विचारील, की सोन्यावर तरी व्याज कोठे मिळते? मग सोने चालते आणि घड्याळ का चालत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच माझ्या प्रतिपादनाचे सार आहे. सोन्याला वजन आहे, कस आहे, रोज जाहीर होणारा भाव आहे. गावातील कोणत्याही सराफाच्या पेढीवर ते त्याच दिवशी मोडता येते, बँक त्यावर कर्ज देते. दागिन्याची घडणावळ गेली तरी धातू उरतो. पोलादी ‘१५१८’ वितळविले तर उरेल मूठभर पोलाद! त्याची सारी किंमत, तितक्याच उत्कट हौसेचा आणि तितक्याच भरल्या खिशाचा दुसरा माणूस अस्तित्वात असण्यावर अवलंबून आहे. तो माणूस आपल्याला मुलीच्या लग्नाच्या किंवा इस्पितळाच्या बिलाच्या तारखेला भेटेलच, असे नाही. लिलावाचे वेळापत्रक लिलावगृह ठरविते. आपली निकड नव्हे. राखीव किमतीपर्यंत बोली पोचली नाही, तर घड्याळ परत येते आणि ‘न विकले गेलेले’ हा डाग मात्र घेऊन येते.

सुरक्षिततेचाही विचार करावा. अनेक ग्राहक मौल्यवान घड्याळे लॉकरमध्ये ठेवतात, ते योग्यच आहे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या निर्देशांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली लबाडी अशा प्रसंगी बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरते मर्यादित आहे. भाडे तीन हजार असेल तर दायित्व तीन लाख. आत वीस लाखांचे घड्याळ असल्यास त्याचा विमा स्वतंत्रपणे उतरविणे, ही ग्राहकाचीच जबाबदारी ठरते. तसेच घड्याळांची यादी, पावत्या व छायाचित्रे एका ठिकाणी ठेवून घरातील विश्वासू व्यक्तीला त्यांची कल्पना द्यावी. संग्राहक निवर्तल्यावर वारसांना कागदांचे महत्त्व ठाऊक नसल्याने खोके व पावत्या रद्दीत जातात आणि संग्रहाची निम्मी किंमत त्यांबरोबर जाते.

कर्ज विभागातील सहकाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. अर्जदाराच्या मालमत्तेच्या विवरणात घड्याळांचा संग्रह मोठ्या रकमेने मांडलेला आढळल्यास त्याला घरातील चीजवस्तू मानावे. परतफेडीच्या क्षमतेचा आधार मानू नये.

मग संग्रह करूच नये काय?

अवश्य करावा! क्वार्ट्झच्या लाटेत जी कारागिरी अर्थशास्त्राने मोडीत काढली होती, ती जिवंत राहिली त्यात नफ्यातोट्याचा विचार न करणाऱ्या हौशी माणसांचा वाटा मोठा आहे. त्यांनी जुनी यंत्रे जपली, नोंदवह्या धुंडाळल्या, दुरुस्ती करणाऱ्या हातांना काम दिले. हा सांस्कृतिक ठेवा आहे आणि त्यात आपल्या देशाचाही सहभाग आहे. केस उलटी फिरवून काच सुरक्षित राखणारे जेझर-लकुल्त्रचे ‘रिव्हर्सो’ हे १९३१ चे घड्याळ हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तक्रारीतून जन्मले, असा त्याचा इतिहास सांगितला जातो.

शिवाय हौसेसाठी जिनिव्हालाच जावे लागते असे नाही. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरु येथे एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. पुढे ‘जनता’, ‘पायलट’ ही नावे घरोघरी पोचली. देवनागरी आकड्यांच्या तबकड्याही निघाल्या. दहावीच्या यशाबद्दल, लग्नात, सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात दिले जाणारे घड्याळ म्हणजे एचएमटी, असा तो काळ होता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली आणि ही घड्याळेही संग्राहकांच्या यादीत जाऊन बसली. ती आजही सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आहेत. रंगविलेली तबकडी ओळखणे, यंत्रणेवरील खुणा वाचणे, चांगला घड्याळजी शोधणे हे सारे शिक्षण त्यांवर अल्प खर्चात घेता येते. लिलावाच्या सभागृहात पाऊल ठेवण्यापूर्वी हा अभ्यासक्रम प्रत्येकाने पुरा करावा.

माझे म्हणणे इतकेच, की हौसेचे खाते व गुंतवणुकीचे खाते वेगवेगळे ठेवावे. विमा, निवृत्तीची तरतूद, मुलांचे शिक्षण आणि अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक, एवढे गुंतवणुकीच्या खात्यात आधी पडू द्यावे. त्यानंतर जे उरेल त्यातून, कर्ज न काढता, हौसेचे खाते उघडावे. लिलावाला जाण्यापूर्वी अधिमूल्य, शुल्क व करांसह आपली कमाल मर्यादा कागदावर लिहून न्यावी. ती ओलांडली की हात खाली ठेवावा. बोलीच्या भरात शेजारच्या माणसाने मोजलेली किंमत हीच खरी किंमत वाटू लागते. तो मोह फक्त लिहून ठेवलेला आकडाच आवरू शकतो.

हौसेच्या खात्यावर व्याजाची अपेक्षा नसते. तेथे लाभ जमा होतो तो रोज सकाळी चावी देताना, कानाशी धरून टिकटिक ऐकताना, एखाद्या अज्ञात कारागिराचे काम जवळून न्याहाळताना. पुढे घड्याळाची किंमत वाढली तर ती वरकड समजावी; न वाढली तरी मनास रुखरुख लागू नये. अशा रीतीने घेतलेले घड्याळ कधीही महाग पडत नाही. आणि भाव वाढेल या आशेवर, ठेव मोडून किंवा हप्ते बांधून घेतलेले घड्याळ कितीही स्वस्तात मिळाले, तरी ते वेळ दाखविण्याऐवजी हप्त्याची तारीखच दाखवीत राहते.